चोर सोडून संन्याशाला

बिघाड झाला आहे असं जो सांगतो, त्यालाच बिघडलेला ठरवायची आपल्याला भारी घाई असते. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण घरातल्या यंत्रांच्या बाबतीत आपण सर्रास तेच करतो आणि वर त्याचे पैसेही मोजतो. उत्तर अमेरिकेतल्या थंड मुलखात राहणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी हे वाक्य ऐकलेलं असतं: "प्रेशर स्विच गेलाय, बदलावा लागेल." माझं म्हणणं एवढंच आहे की, हे वाक्य ऐकल्यावर लगेच मान डोलावू नये. आधी एक प्रश्न विचारावा. तो कोणता, ते पुढे सांगते.

हे वाचणाऱ्यांत पुण्या-सांगलीकडचे नातेवाईकही आहेत, म्हणून थोडं मागून सुरू करते. इकडच्या जाणकारांनी दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालेल. घर गरम ठेवणाऱ्या यंत्राला इकडे फर्नेस म्हणतात. तळघरात, नाहीतर एखाद्या कपाटाएवढ्या खोलीत ती उभी असते. नैसर्गिक वायू जाळायचा, त्याचा गरम धूर धातूच्या नळ्यांमधून न्यायचा, त्या नळ्यांच्या बाहेरून घरातली हवा पंख्याने फिरवायची आणि गरम झालेली हवा खोल्याखोल्यांत सोडायची, एवढंच तिचं काम. धूर नळ्यांच्या आत, आपली हवा बाहेर. दोघांची गाठ पडता कामा नये. शिकागोत ३० जानेवारी २०१९ या दिवशी पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या जवळपास उतरला होता. अशा दिवशी फर्नेस थांबली की काही तासांत घर गारठतं, आणि भिंतींतले पाण्याचे पाईप गोठून फुटायची भीती वेगळीच. तेव्हा हा विषय नुसत्या सुखसोयीचा नाही.

आता आजोळचा तांब्याचा बंब आठवा. खाली जाळ, मधोमध नळकांडं, भोवती पाणी. धूर त्या नळकांड्यातून आपोआप वर जायचा, कारण तो गरम असायचा. जुन्या फर्नेसचं तसंच होतं. त्यांच्या धुराचं तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या बरंच वर असायचं, त्यामुळे तो विटांच्या चिमणीतून आपला आपण निघून जायचा. म्हणजे धूर वर ढकलण्यासाठी आपण रोज थोडी उष्णता वाया घालवत होतो. ती वाया जाते हे सगळ्यांना दिसत होतं. पण ती एक काम करत होती, हे कुणाच्या फारसं ध्यानात येत नव्हतं.

हाय-एफिशियन्सी फर्नेसमध्ये ही उधळपट्टी थांबवली. वायू जळताना पाण्याची वाफ होते. एक घनमीटर वायूमागे दीड लिटरच्या आसपास पाणी तयार होतं. त्या वाफेत एकूण उष्णतेतला साधारण १० टक्के भाग अडकलेला असतो. या फर्नेसमध्ये नळ्यांचा दुसरा संच असतो. तिथे धूर इतका थंड करतात की वाफेचं पाणी होतं आणि अडकलेली उष्णता घराला मिळते. म्हणून तिची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर जाते. कॅनडात तर २००९ च्या अखेरीपासून नव्या घरगुती फर्नेसना किमान ९० टक्क्यांची अटच घातली गेली. धूर एवढा कोमट असतो की विटांची चिमणी लागत नाही, प्लॅस्टिकचा पाईप भिंतीतून बाहेर काढला की भागतं.

पण फुकट काहीच मिळत नाही. कोमट धुराला वर चढायचा जोर नसतो. त्याला ओढून बाहेर काढायला एक छोटा पंखा लागतो, त्याला इंड्यूसर म्हणतात. पंखा आला म्हणजे तो खरंच ओढतोय का, हे बघणारा कुणीतरी हवा. तो पहारेकरी म्हणजे आपला प्रेशर स्विच.

दिसायला तो अगदी मामुली. बशीएवढी चपटी डबी, आत रबराचा पातळ पडदा, एक बारीक नळी आणि दोन वायरी. पंखा ओढायला लागला की नळीतून डबीत ओढ पोचते, पडदा सरकतो, आतला विजेचा संपर्क मिटतो आणि बोर्डाला निरोप जातो: "धुराची वाट मोकळी आहे, पुढे चला." मग ठिणगी किंवा तापलेली पट्टी, मग वायू, मग ज्योत. निरोप आला नाही तर वायूची झडप उघडतच नाही. आणि ही ओढ असते तरी किती? साधारण अर्धा ते दीड इंच पाण्याच्या उंचीएवढी. शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉमधून फक्त एक इंच वर ओढून बघा, तेवढा जोर. इतक्या नाजूक गोष्टीवर घरातली ऊब उभी असते. त्या नळीत अर्धा इंच पाणी साचलं तरी निरोप अडतो, यात नवल ते काय!

फर्नेस बंद पडते तेव्हा बोर्डावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. झाकणाच्या आतल्या तक्त्यात त्याचा अर्थ दिलेला असतो: प्रेशर स्विच उघडा राहिला. नीट वाचलं तर हे वाक्य एवढंच सांगतं की, पहारेकऱ्याने हिरवा झेंडा दाखवला नाही. पहारेकरी आजारी आहे, असं ते कुठेही म्हणत नाही. तरी दहातले बरेच जण त्याचा अर्थ 'स्विच खराब' असाच लावतात, कारण तक्त्यात नाव त्याचंच छापलेलं असतं. साक्षीदाराचं नाव फिर्यादीत आलं म्हणून त्यालाच बेड्या ठोकायच्या, असला हा न्याय.

खरे चोर बाहेर मोकळे फिरत असतात, आणि ते बरेच आहेत. भिंतीबाहेरच्या पाईपाच्या तोंडावर साचलेलं बर्फ. पाईपात शिरलेला पाला, नाहीतर पाखराने केलेलं घरटं. पाणी जाण्याच्या वाटेवर आपल्या नहाणी ट्रॅपसारखा एक ट्रॅप असतो, त्यात धरलेला गिळगिळीत थर. तो तुंबला की पाणी मागे चढतं आणि ज्या छिद्राला ती नळी जोडलेली असते, ते छिद्रच बुडवतं. तडकलेली किंवा पाणी भरलेली नळी. गंजाच्या कणाने बुजलेलं छिद्र. आधार निसटल्यामुळे मध्येच झोळ पडलेला पाईप, ज्याच्या पोटात पाणी साठून राहतं. दमलेला पंखा. सैल वायर. आणि सगळ्यात महागडा चोर म्हणजे आतून चोंदलेला नळ्यांचा दुसरा संच. यातलं काहीही झालं तरी दिवा मात्र तोच लुकलुकतो.

हा बिघाड नेमका कडाक्याच्या थंडीच्या रात्रीच येतो, असं सगळे वैतागून म्हणतात. त्यात नशिबाचा काही भाग नाही. थंडी जास्त म्हणजे फर्नेस जास्त वेळ चालणार, म्हणजे पाणी जास्त. बाहेर पडणारा धूर ओलसर, तो पाईपाच्या तोंडाशी गोठणार. पाणी जाणारी नळी गॅरेजमधून किंवा बाहेरच्या भिंतीलगत नेलेली असेल तर तीही गोठणार. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच वाट बंद व्हायची शक्यताही सर्वांत जास्त असते.

आमच्याकडचं उदाहरण सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत सासूबाई इथे होत्या. वय ७८, त्यात दमा. संध्याकाळी फर्नेस थांबली. आलेल्या तंत्रज्ञाने दिवा पाहिला, गाडीतून नवा स्विच आणला, वीस मिनिटांत बसवला. फर्नेस सुरू झाली, पावणेतीनशे डॉलर घेऊन तो गेला. तिसऱ्या रात्री तीन वाजता घर पुन्हा गार. सासूबाईंना स्वेटरवर स्वेटर, वर दोन रजया, खोलीत विजेचा हीटर, आणि त्यांचं आपलं चालूच, "अगं, मला काही होत नाही, तुम्ही झोपा." दम्याच्या माणसाचा श्वास अशा वेळी आपण मोजत बसतो, ते काही कुणाला सांगायला नको.

सकाळी दुसऱ्या ठिकाणचा एक वयस्कर तंत्रज्ञ आला. त्याने दिवा बघितला, पण स्विचला हात लावला नाही. नळीच्या मध्ये एक जोड घालून त्याला मॅनोमीटर, म्हणजे ओढ मोजायचं यंत्र लावलं. स्विचवर छापलेलं होतं ०.९० इंच. यंत्र दाखवत होतं ०.६० ते ०.७०, तेही हलतं. मग तो म्हणाला, "तुमचा स्विच बरोबर बोलतोय. त्याला जे मिळायला हवं तेच मिळत नाहीये." पुढचा तास त्याने बादली, ब्रश आणि पाईपाच्या पट्टीवर घालवला. ट्रॅपमधून काळपट चिखल निघाला. तळघराच्या छताजवळ पाईपाची एक पट्टी निसटली होती, तिथे झोळ पडून पाणी साठलं होतं. ते काढलं, पट्टी नीट मारली. मग आकडा १.२ च्या आसपास गेला आणि स्थिर राहिला. आधीच्या माणसाने टाकून दिलेला जुना स्विच अजून खोक्यात पडला होता. तोही त्याने तपासला. ठरलेल्या ओढीवर अगदी व्यवस्थित 'टिक्' करून मिटला.

मग पहिल्या वेळी स्विच बदलल्यावर फर्नेस सुरू कशी झाली? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. स्विच बदलताना नळी काढली गेली, तिच्यातलं पाणी निथळलं. मधल्या काही तासांत फर्नेस बंद होती, साठलेलं पाणी हळूहळू उतरलं. म्हणजे गुण आला तो विश्रांतीने, आणि श्रेय मिळालं औषधाला. चुकीच्या इलाजाने तात्पुरतं बरं वाटणं, यासारखी घातक गोष्ट नाही, कारण त्यानंतर खरं कारण शोधायचं आपण थांबवतो. नुसतं बटण बंद करून चालू करण्याचंही तेच. फर्नेस काही वेळा प्रयत्न करून गप्प बसते, आपण बटण खालीवर करतो, ती चालते, आपण खूश. पाणी तिथेच असतं.

म्हणून तो प्रश्न: "ओढ किती मोजलीत?" त्याचं उत्तर दोनच प्रकारचं असू शकतं. ओढ स्विचवरच्या आकड्याच्या चांगली वर आहे आणि तरी संपर्क मिटत नाही, तर स्विच खरंच गेला, खुशाल बदला. ओढ आकड्यापर्यंत पोचतच नाही, तर स्विच निर्दोष आहे, चोर शोधा. उत्तर मिळालं नाही, म्हणजे मोजलंच नाही, तर तो निदान नव्हे, अंदाज आहे. अंदाजाचे पैसे द्यायला माझी हरकत आहे.

आता तंत्रज्ञांची बाजूही मांडायला हवी. थंडीच्या लाटेत त्यांना दिवसाला किती घरं उरकायची असतात, ते त्यांनाच ठाऊक. तासभर चिखल उपसला तर बिल कसलं लावायचं? नवा भाग बसवला की गिऱ्हाईकालाही काहीतरी 'केल्याचं' दिसतं. आपण तरी काय करतो? कुणी नुसतं तपासून, साफ करून पैसे मागितले तर आपल्यालाच वाटतं, "यात काय केलं एवढं?" डॉक्टरने गोळ्या न देता पथ्य सांगितलं तर फी जड वाटते, तसंच. निदानाची किंमत द्यायला आपण तयार नसतो, म्हणून आपल्याला सुटे भाग विकले जातात. शिवाय स्विच कधीच बिघडत नाही असंही नाही. पडदा फाटतो, संपर्क गंजतात. फक्त तो संशयितांच्या यादीत शेवटी असावा, पहिला नको.

खरा राग मला येतो तो पुढच्या पायरीवर. काही महाभाग स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतात. पहारेकरी झेंडा दाखवत नाही ना, मग त्याचा हात बांधून झेंडा कायमचा वर धरा! बनवणाऱ्यांनी आपल्यासारख्यांना बरोबर ओळखलेलं आहे. बहुतेक बोर्ड पंखा सुरू करण्याआधी स्विच उघडा आहे ना, हे तपासतात. आधीच मिटलेला दिसला तर 'स्विच चिकटला' म्हणून अडून बसतात. तरीही त्यातून पळवाट काढणारे भेटतात. कमी ओढीवर मिटणारा, 'चालून जाईल' असा दुसरा स्विच बसवणारेही भेटतात. पोरगं नापास होतंय म्हणून पासिंगचे मार्क खाली आणण्याचाच हा प्रकार. पोरगं पास होतं, पण त्याला काही येत नसतं.

कारण हा स्विच आपल्याला छळण्यासाठी नाही. धूर बाहेर जात नसताना वायू जळत राहिला तर जळण अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून गुदमरलेल्यांच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येतात, तोच हा वायू. अमेरिकेत आगी वगळता अपघाताने होणाऱ्या या विषबाधेने दरवर्षी ४०० हून जास्त माणसं जातात. इलिनॉय राज्यात १ जानेवारी २००७ पासून झोपायच्या प्रत्येक खोलीच्या १५ फुटांच्या आत याचा अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे. कायदा असो वा नसो, अलार्म हवाच. पण अलार्म हा दुसरा पहारेकरी आहे. तो आहे म्हणून पहिल्याला झोपवायचं नसतं.

थंडीत रात्री तीन वाजता, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असताना, "आत्तापुरती वायर जोडू या" हा मोह किती जोरदार असतो, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरी माझं उत्तर 'नाही' असंच आहे. त्या रात्री सगळ्यांनी एका खोलीत झोपावं, विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा, शेजाऱ्याचं दार ठोठवावं, हॉटेल गाठावं. गारठ्याने माणूस कुडकुडतो, आणि त्यामुळे त्याला कळतं की काहीतरी बिघडलंय. त्या वायूत ते कळतही नाही.

आपण स्वतः काय करावं? बाहेर जाऊन पाईपांची तोंडं बघावी, बर्फ हाताने दूर करावं. पाणी जाणाऱ्या नळीतून पाणी पडतंय का ते बघावं. कंडेन्सेटचा पंप असेल तर तो भरून थांबला नाही ना, हेही बघावं. पाईपाला कुठे झोळ आहे का, नजर टाकावी. दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून तक्त्याशी ताडून लिहून ठेवावं. फर्नेस बंद करून ती बारीक नळी तडकलेली किंवा ओली आहे का, इतकं बघायलाही हरकत नाही. वायूची झडप, ज्योत आणि आतल्या नळ्यांचा संच यांच्या वाटेला मात्र जाऊ नये, ते परवानाधारक माणसाचं काम.

यंत्रं जितकी हुशार होत जातील तितके त्यांच्यातले पहारेकरी वाढत जातील, आणि ते आपल्याला वारंवार अडवणार, वैताग आणणार. जुनी फर्नेस तक्रार करत नव्हती, म्हणून ती जास्त भरवशाची होती असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. तिच्यात तक्रार करणारं कुणी ठेवलेलंच नव्हतं. ज्या घरात "काहीतरी चुकतंय" असं बोलणाऱ्याला गप्प बसवत नाहीत, त्याचं आधी ऐकून घेतात, ते घर उबेत राहतं. मग बोलणारी सासू असो, सून असो की बशीएवढी डबी.

असो. बर्फ पडायच्या आत एकदा बाहेर जाऊन ते दोन पाईप बघून या, आणि ट्रॅप शेवटचा कधी साफ केला होता ते आठवतंय का, तेही बघा. नसेल आठवत, तर या शनिवारीच बोलवा कुणाला तरी.